काम करताना काय ऐकतेस?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून.)



समितीने मला सांगितलं, "पंधरा मिनिटं बोल, काहीही बोल." सॉफ्टवेअरच्या माणसाला "काहीही" सांगितलं की आमचं काम अडतं. आम्हाला नेमकी मागणी लागते. पण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या महिन्यात एक प्रश्न आला होता, त्यानेच माझी सुटका केली. कुणीतरी विचारलं होतं, "तुम्ही आयटीवाले दिवसभर कानात घालून बसता, काम करताना नक्की काय ऐकता? आम्हाला पण यादी दे." मी लिहिलं, "सध्या काहीच नाही." त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणाचा विश्वास बसला नाही. त्या उत्तराचा खुलासा म्हणजे आजचं भाषण.

सुरुवात घरापासून करते. तुमच्यातल्या अर्ध्यांना आमची चाळ आठवत असेल. आपल्या वर्गात टॅप्स कॉलनीतली मुलं होती, चिंचणी-तारापूरकडून एसटीने येणारी होती, आसपासच्या पाड्यांवरची होती आणि आमच्यासारखी एमआयडीसीच्या पगारावर चालणाऱ्या घरांतली होती. माझे बाबा कापडाच्या एका कारखान्यात मागांवर होते. बिघडलेला माग चालू करून द्यायचा, हे काम. तिथे त्यांना जॉबर म्हणत. तीन पाळ्या, आठवड्याला बदलणाऱ्या.

आमच्या घरी रेडिओ मोठ्याने लागायचा. 'आपली आवड' लागली की शेजारच्या काकूंना वेगळा रेडिओ लावावा लागत नसे. आई आवाज कमी करायची, बाबा वाढवायचे. आई भांड्यांकडे वळली की बाबांचा हात बटणाकडे. आम्हा भावंडांना वाटायचं, बाबांना गाण्याची फार हौस. बाबा बोलायचेही मोठ्याने. आणि आपण काही बोलायला लागलो की आपल्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मला त्याची भीती वाटायची. वाटायचं, खोटं पकडायला बघतात.

आमची आजी वाणगावकडची. तिच्याकडे जातं होतं. पिठाची गिरणी गावात आली तरी सणाला थोडं तरी ती जात्यावर दळायची आणि दळताना ओव्या म्हणायची. मी एकदा तिला म्हटलं, "आजी, नुसतीच म्हण ना ओवी, दळू नकोस." तिने दोन शब्द म्हटले आणि थांबली. म्हणाली, "हात थांबला की सुचत नाय गं." तेव्हा मला ती टाळाटाळ वाटली. पुढे कळलं की पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्राच्या हजाराहून जास्त गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. एक लाख! आणि त्या बायकांनी हे संगीत कामासाठी 'निवडलं' नव्हतं. हात फिरतो त्या गतीने गाणं चालायचं, गाण्याच्या गतीने हात. दोन माणसं जात्याला बसली तर खुंटा एका लयीत फिरायला हवा, नाहीतर दळण जाडंभरडं पडतं. म्हणजे गाणं हा कामाचाच एक भाग होता, बाहेरून लावलेला नव्हता.

आपल्या भागात तारपाही तसाच. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, जोडायला मेण. भात कापणीच्या दिवसांत तो वाजायला लागतो. वाजवणारा मधे आणि नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती. तारपावाला सूर बदलतो तेव्हा पावलं बदलतात. जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना याच तारप्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वर्गातल्या पाड्यावरच्या मित्राने गॅदरिंगला तारपा आणला होता, आठवतं? आपण सगळ्यांनी फुंकून पाहिला, एकालाही सूर निघाला नाही. कारण त्यात श्वास न तोडता वाजवावं लागतं.

आता शाळेकडे येते. समोर बसलेल्या आपल्या गणिताच्या बाईंना मी एकदा अभिमानाने सांगितलं होतं की मी रेडिओ लावून भूमिती करते. बाई म्हणाल्या, "गाणं म्हणतेस का बरोबर?" मी म्हटलं, "हो." बाई म्हणाल्या, "मग ओठ चालत असतील तेव्हा डोकं थांबलेलं असतं. उतरवून काढायचं असेल तर लाव रेडिओ. रायडर सोडवायचा असेल तर बंद कर." बाई, मी तेव्हा ऐकलं नाही. आज तीस वर्षांनी जाहीरपणे मान्य करते.

दहावीनंतर पालघरचं दांडेकर कॉलेज, मग मुंबईत इंजिनीअरिंग, मग नोकरी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ मध्ये आली. शटल पकडायची, विरारला बदलायचं, मग उभ्याने अंधेरी. पुरुषांच्या डब्यात टाळ आणि भजन, बायकांच्या डब्यात भाजी निवडणं आणि गाणी. मी त्यात कानात वॉकमनच्या दोऱ्या घालून उभी. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज पूर्ण वर.

ऑफिसात गेल्यावर तेच. आमची ऑफिसं म्हणजे मोठा हॉल, भिंती नाहीत. शेजारचा फोनवर बोलतोय, मागे दोघे क्रिकेटवर भांडताहेत. तिथे हेडफोन म्हणजे दार. घातला की दार लावलं, कुणी हाक मारत नाही. रोज आठ-नऊ तास मी त्या दारामागे होते. माझ्या याद्या होत्या. सकाळी किशोरी आमोणकर, दुपारी झोप येते तेव्हा जुनी हिंदी गाणी, रात्री डेडलाइन असेल तर नुसता ठेका असलेलं काहीतरी. सहकारी माझ्याकडून याद्या मागून न्यायचे. मला त्याचा अभिमान होता.

मग एक पुस्तक हातात आलं. टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर यांचं 'पीपलवेअर', १९८७ सालचं, आमच्या धंद्यात अजून वाचलं जातं. त्यात कॉर्नेल विद्यापीठात १९६० च्या दशकात झालेल्या एका प्रयोगाची हकिकत आहे. संगणकशास्त्राचे विद्यार्थी घेतले. काही जणांना काम करताना संगीत आवडणारं, काही जणांना शांतता. दोन्ही प्रकारचे अर्धे-अर्धे विद्यार्थी शांत खोलीत बसवले, बाकीचे संगीताच्या खोलीत. सगळ्यांना फोरट्रानमध्ये एकच प्रोग्रॅम लिहायला दिला. वेग आणि अचूकता दोन्ही खोल्यांत जवळपास सारखी आली. इथपर्यंत वाचून मी खूश झाले. पण पुढे गंमत होती. दिलेल्या आकड्यांवर एकामागून एक बऱ्याच क्रिया करायच्या होत्या, आणि त्या सगळ्यांचा शेवटी परिणाम एवढाच होता की जो आकडा आत जाईल तोच बाहेर येईल. म्हणजे काहीच करायची गरज नव्हती! हे काही जणांच्या लक्षात आलं, बऱ्याच जणांच्या नाही. ज्यांच्या लक्षात आलं, त्यांतले बहुतेक शांत खोलीतले होते.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि माझे कितीतरी आठवडे डोळ्यांपुढून गेले. काम वेळेत झालेलं, चुका नाहीत, आणि "हे मुळात करायचं कशाला?" हा प्रश्न पडलेलाच नाही. बाईंचा रायडर तो हाच.

मग मी थोडं वाचत गेले. पिएर सालामे आणि ॲलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात दाखवलं की आपण आकड्यांची यादी लक्षात ठेवत असताना मागे कुणी बोलत असेल, तर त्याकडे लक्ष न देताही चुका वाढतात. आणि नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा शब्दांच्या गाण्याचा अडथळा जास्त होतो. मोझार्ट ऐकून हुशारी वाढते, ही बातमी आपण सगळ्यांनी ऐकली आहे, काहींनी पोटातल्या बाळालाही ऐकवलं. तो मूळ प्रयोग १९९३ चा. कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं एक सोनाटा ऐकवला, आणि एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यांत जो फायदा दिसला तो दहा-पंधरा मिनिटंच टिकला. बाळाचा त्यात कुठे संबंध नव्हता.

कारखान्यांतल्या संगीताचाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात, २३ जून १९४० पासून, बीबीसीने 'म्युझिक व्हाइल यू वर्क' नावाचा कार्यक्रम सुरू केला. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास, कारखान्यांतल्या कर्ण्यांवरून. गती एकसारखी हवी, चाल ओळखीची हवी, मधेच आवाज एकदम वर-खाली नको. एक टाळ्यांचं गाणं त्यातून वगळावं लागलं, कारण टाळ्यांच्या जागी कामगार हातातली हत्यारं आपटतील अशी धास्ती होती. मी हे बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबा म्हणाले, "आमच्या शेडमध्ये कर्णा लावला असता तरी कुणाला ऐकू आला असता?"

ते खरं होतं. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये मागांवरच्या बायका ओठांच्या आणि हातांच्या खुणांनी बोलत, त्या बोलीला तिथे नावच पडलं होतं, 'मी-मॉ'. आपल्या एमआयडीसीतल्या शेडमध्येही तेच चालायचं. नाव मात्र कुणी दिलं नाही.

आता ज्यासाठी मी उभी आहे ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी रात्री वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, सगळं गप्प. आणि माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी ऐकू आली. मी नवऱ्याला उठवलं, म्हटलं, कुठेतरी काहीतरी वाजतंय. तो म्हणाला, "काहीच वाजत नाहीये." वीज आली, पंखा फिरला, शिट्टी झाकली गेली. पण होती. अजूनही आहे.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. बंद खोलीत बसवतात, वेगवेगळ्या पट्टीचे आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. त्याचा आलेख निघतो. माझा आलेख सरळ चालला होता आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात गेला होता. डॉक्टर म्हणाले, "हा खड्डा आवाजाचा असतो. कारखान्यात काम करता का?" मी म्हटलं, "नाही हो, कॉम्प्युटरवर." त्यांनी काही न बोलता माझ्या गळ्यात लटकलेल्या हेडफोनकडे बघितलं. मग विचारलं, "घरात कुणी कारखान्यात होतं?"

मी बाबांना घेऊन गेले. बाबांचा आलेख खड्डा नव्हता, उतार होता. डॉक्टरांनी मला समजावलं. आवाजाने आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, ट, क, फ असली व्यंजनं तिथेच राहतात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत, ते उरतात. त्यामुळे अशा माणसाला कुणीतरी बोललं हे ऐकू येतं, पण काय बोललं ते कळत नाही. तो ओठांकडे बघतो. नाहीतर "बरं बरं" म्हणून वेळ मारून नेतो.

मित्रांनो, आपला दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी शाळेतून धावत घरी गेले. बाबा रात्रपाळी करून येऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. मी दारातूनच ओरडले, "बाबा, एक्क्याऐंशी टक्के!" बाबा म्हणाले, "बरं, बरं." आणि पडून राहिले. संध्याकाळी त्यांनी आईला हळूच विचारलं, "पास झाली ना?" ते मी ऐकलं. ते मी पंचवीस-तीस वर्षं मनात ठेवलं. पुढे डिग्री मिळाली, नोकरी मिळाली, प्रत्येक वेळी आधी आईला सांगितलं. बाबांना काय पडलंय, असं म्हणत राहिले.

त्या डॉक्टरांच्या खोलीत दोन आलेख शेजारी ठेवलेले होते. 'एक्क्याऐंशी टक्के' या शब्दांतलं बाबांच्या कानापर्यंत काय पोहोचलं असेल, हे मी मनात म्हणून बघितलं. क गेला, श गेला, ट गेला. उरलं काय? आणि भिंतीकडे तोंड, म्हणजे ओठही दिसले नाहीत. त्यांनी मुलीचा आवाज ऐकला, आनंदात आहे एवढं ओळखलं, आणि "बरं, बरं" म्हटलं. पुन्हा विचारायची लाज वाटली म्हणून आईला विचारलं.

बाबांना मागांनी बहिरं केलं, पोटासाठी. कारखान्यात कानात घालायला काही मिळत होतं का, विचारलं तर म्हणाले, "कापूस होताच की सगळीकडे, कोंबायचो कधी कधी." आणि मला बहिरेपणाच्या वाटेला कुणी लावलं? मीच. पैसे देऊन, निवडून, यादी करून.

म्हणून आता माझे काही नियम आहेत. फार मोठे नाहीत.

नवं काही समजून घ्यायचं असेल, बग कुठे आहे ते शोधायचं असेल, काही लिहायचं असेल, तर काहीच लावत नाही. हे भाषण तसंच लिहिलं. पहिल्या आठवड्यात जीव गुदमरला. मग हळूहळू स्वतःचे विचार ऐकू यायला लागले, त्यातले बरेच निरुपयोगी होते, पण माझे होते.

हात चालवायचं, डोकं न लागणारं काम असेल, म्हणजे फॉर्म भरणं, फायली लावणं, कपड्यांच्या घड्या, तर गाणी हवीतच. तिथे आजीचा नियम. आणि ती हेडफोनवर नाही, खोलीत, आईच्या वेळच्या आवाजात.

आजूबाजूला फार बडबड असेल आणि कामही करायचं असेल, तर शब्द नसलेलं. तानपुरा, संथ आलापी, किंवा 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार, १९६७ सालची तबकडी, अजून जुनी होत नाही. पण अर्धा तास, मग कान मोकळे.

आणि आवाज. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी करायची. ९० डेसिबलला आठवड्यात फक्त चार तास उरतात. फोनमध्ये आवाजाची मर्यादा घालायची सोय असते, ती आज घरी गेल्यावर घाला. गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवू नका. डहाणू लोकलमध्ये ऐकायचं नाही, असं मी ठरवलंय. तिथे भाजी निवडते.

आपल्यातले कितीतरी जण आजही एमआयडीसीत आहेत. कुणी सुपरवायझर, कुणाचं स्वतःचं युनिट आहे. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे. तुमच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर मोजून घ्या. कामगारांना कानाच्या गोळ्या द्या, आणि ते घालतात का तेही बघा. वर्षातून एकदा तपासणी करा. आणि ज्यांचे आई-बाबा घरात टीव्ही मोठ्याने लावतात, दोनदा "काय?" विचारतात किंवा विचारायचंच सोडून देतात, त्यांना एकदा कानाच्या डॉक्टरांकडे न्या. मी फार उशिरा नेलं.

बाबांना आता श्रवणयंत्र आहे. बोलणं बरंच कळतं. गाणं मात्र त्यातून पत्र्यावर वाजल्यासारखं येतं, म्हणतात. म्हणून गाण्याला ते यंत्र काढून ठेवतात आणि स्पीकरजवळ बसतात. खालच्या पट्टीचं त्यांना अजून नीट ऐकू येतं. मी शोधून शोधून पखवाजाची भजनं काढते, ज्यात पखवाजाची डावी बाजू चांगली घुमते अशी. त्यांचा हात मांडीवर बरोबर पडतो. आयुष्यभर मी स्वतःसाठी याद्या केल्या, ही पहिली यादी दुसऱ्यासाठी केली. तीच आज ग्रुपवर टाकते, ज्यांनी मागितली होती त्यांच्यासाठी.

माझं हे बोलणं स्मरणिकेत छापणार आहेत, असं समिती म्हणाली. त्याचा मला विशेष आनंद आहे. बाबा इथून दहा मिनिटांवर घरी आहेत, आणि वाचायला कान लागत नाहीत. तेव्हा बाबा, हे तुमच्यासाठी. ७५० पैकी ६११, म्हणजे ८१.४७ टक्के.

मागे स्पीकर सांभाळणाऱ्या आपल्या मित्राला एकच विनंती, जेवणाच्या वेळी गाणी लाव, पण बेताने लाव. आपल्याला एकमेकांशी बोलायचंय.